रंग सांगण्याचा विनय

एखाद्याचे वर्णन करताना त्याच्या कातडीचा रंग सांगावा की नाही, हा प्रश्न अलीकडचा, शहरी आणि बाहेरून आलेला आहे, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. पूर्वी काळ्याला काळा आणि गोऱ्याला गोरा म्हणत असत आणि कुणाला राग येत नसे, असे सांगणारी माणसे घरोघर भेटतात. राग येत होता, आणि तो नोंदवून ठेवणारेही होते. पालि विनयपिटकात, म्हणजे बौद्ध संघाच्या शिस्तीच्या ग्रंथात, भिक्खूंसाठी ९२ पाचित्तिय नियम आहेत. पाचित्तिय म्हणजे दुसऱ्या भिक्खूपुढे कबुली दिली की ज्याचे निराकरण होते असा दोष. त्यातला पहिला नियम जाणूनबुजून खोटे बोलण्याबद्दल आहे, तर दुसरा लागट बोलण्याबद्दल. या बोलण्याला पालीत ‘ओमसवाद’ म्हणतात. निमित्त असे घडले की सावत्थीच्या जेतवनात ‘छब्बग्गिय’ नावाने कुप्रसिद्ध असलेल्या सहा जणांच्या टोळक्याने सालस भिक्खूंशी भांडण उकरून काढले आणि त्यांना हिणवायला सुरुवात केली. कशाकशावरून हिणवले, याची यादी विनयकारांनी दिली आहे: जात, नाव, गोत्र, काम, कसब, आजार, शरीराची ठेवण, मनातले विकार, हातून घडलेले दोष आणि शेवटी उघड शिव्या. शरीराच्या ठेवणीत चार गोष्टी मोडतात: फार उंच, फार ठेंगू, फार काळा आणि फार गोरा.

‘फार गोरा’ हाही त्या यादीत हिणवण्याचा विषय आहे, हे वाचून आजचा मराठी वाचक जरा थबकेल. त्याहून महत्त्वाचे आहे ते नियमाचे पुढचे पृथक्करण. ते एखाद्या मुरलेल्या वकिलाने करावे तसे आहे. खाली पाडण्याच्या, लाजवण्याच्या इच्छेने हलक्याला हलके म्हटले तर दोष, थोराला हलके म्हटले तर दोष आणि त्याच इच्छेने हलक्याला थोर म्हटले तरीही तोच दोष. म्हणजे काळ्या माणसाला खिजवण्यासाठी ‘या, गोरेपान’ म्हणणाऱ्याची सुटका होत नाही. नाव न घेता ‘इथे काही जण असेही आहेत’ असे हवेत सोडून दिले, तर दोष कमी प्रतीचा, पण दोषच. लेकी बोले सुने लागे हा प्रकार विनयकारांना चांगला ठाऊक होता. हिणवण्याची इच्छा नव्हती, फक्त गंमत करायची होती, असे असेल तर त्यालाही वेगळे नाव आहे: दुब्भासित, म्हणजे वाईट बोललेले. तो सर्वांत हलका दोष, तरी खात्यावर जमा होतोच. आणि सगळ्याच्या शेवटी सूट दिली आहे ती अर्थ सांगण्यासाठी, धर्म सांगण्यासाठी किंवा शिकवण्यासाठी बोलणाऱ्याला. त्याने हेच शब्द वापरले तरी दोष नाही.

म्हणजे शब्दांची बंदी या नियमात कुठेच नाही. ‘काळा’ हा शब्द उच्चारू नये, असे तो सांगत नाही आणि ‘काळा’ हे केवळ वस्तुस्थितीचे कथन आहे, त्यात काय एवढे, असेही म्हणत नाही. तो विचारतो की हा शब्द या क्षणी कोणते काम करायला निघाला आहे. माझे म्हणणे असे की रंगाच्या उल्लेखाबद्दल आज जो घोळ चालू आहे, त्यात ही कसोटी अजूनही सर्वांत उपयोगी आहे. मात्र ती जशीच्या तशी उचलून चालणार नाही, थोडी ताणावी लागेल.

हा नियम सांगताना बुद्धांनी एका बैलाची गोष्ट सांगितली आहे. तीच जातककथांतही येते. तक्षशिलेत एका ब्राह्मणाकडे नंदिविसाल नावाचा जबर ताकदीचा बैल होता. माझा बैल एकामागे एक जोडलेल्या शंभर गाड्या ओढील, अशी हजाराची पैज मालकाने लावली. गाड्या भरल्या, बैल जुंपला आणि मालकाने आरोळी दिली ती ‘चल रे लबाडा, ओढ रे लबाडा’ अशी. बैल खांबासारखा जागचा हलला नाही. पैज हरून मालक घरी येऊन पडून राहिला, तेव्हा बैलाने त्याला विचारले की इतकी वर्षे मी तुझ्याकडे आहे, कधी तुझे काही फोडले का, मोडले का, मग मला लबाड का म्हणालास? आता दुप्पट पैज लाव, मात्र मला त्या नावाने हाक मारू नकोस. दुसऱ्या खेपेला मालकाने ‘भद्रा’ म्हणून हाक दिली आणि गाड्या हलल्या. या गोष्टीतला मालक बैलाचा द्वेष करत नव्हता. त्याची त्या जनावरावर मायाच होती आणि ती शिवी त्याच्या तोंडी सवयीने आली. ‘आमच्या मनात काही नसतं हो, तोंडातून जातं’ असे म्हणणाऱ्यांनी या मालकाकडे बघावे. मनात काही नसले तरी बैलाला ते ऐकू आले होते.

आता त्याच संघातली दुसरी बाजू. बुद्धांचा बालपणीचा सवंगडी आणि शुद्धोदनाने त्यांना कपिलवस्तूला आणण्यासाठी धाडलेला उदायी हा पालि वाङ्मयात ‘काळुदायी’ म्हणून ओळखला जातो. तो वर्णाने थोडा काळा होता म्हणून हे नाव पडले, असे अट्ठकथा, म्हणजे पालि भाष्य, सांगते. ज्या संघात ‘फार काळा’ म्हणून हिणवणे हा दोष, त्याच संघात एका अर्हताला काळा उदायी म्हणत आणि त्यात कुणाला विसंगती दिसली नाही. कारण उघड आहे. संघात उदायी एकच नव्हता. लालुदायी नावाचा आणखी एक होता, भलत्या वेळी भलते बोलण्यासाठी प्रसिद्ध. ‘उदायी आला’ असे कुणी म्हटल्यावर कोणता, हा प्रश्न खरा होता आणि रंग त्याचे सरळ उत्तर होते. (दोन नावांपैकी अपमानाचे कोणते, असे विचारले तर ‘बरळणारा’ असे सुचवणाऱ्या दुसऱ्याकडे मी बोट दाखवीन.) ओळख पटवण्यासाठी सांगितलेल्या रंगाचा हा विशेष असतो की माणूस सापडला की त्या रंगाचे काम संपते. त्यानंतर काळुदायी काय म्हणाला, त्याने काय केले, हे त्याच्या बोलण्याकरण्यावरून कळते. रंगाला पुढे काही सांगायचे उरत नाही.

याच्या उलट ज्या वर्णनाचे काम माणूस सापडल्यावरच सुरू होते, त्याचा एक लख्ख नमुना पतंजलीच्या महाभाष्यात आहे. व्याकरणाच्या एका चर्चेत तो ब्राह्मण ओळखण्याची लक्षणे देतो: गौर वर्ण, शुचि आचार, पिंगट डोळे, पिंगट केस. आणि बाजारात बसलेला, उडदाच्या राशीसारखा काळा माणूस बघून हा ब्राह्मण आहे असे कुणी ठरवत नाही, असेही म्हणतो. उडदाच्या राशीची ती उपमा किती अचूक आहे पाहा. बाजार, रास आणि तिच्यामागे बसलेला माणूस डोळ्यांपुढे उभे राहतात. पण इथे रंग ‘हा कोण’ हे सांगत नाही, ‘हा कोणत्या प्रतीचा’ हे सांगतो. माणूस समोर बसलेला आहे, त्याला शोधायचे नाही, तरी रंगाने त्याची जागा ठरवून टाकली. पतंजली कुणाला शिवी देत नव्हता, लोक कसे अनुमान करतात तेवढे नोंदवत होता. म्हणून तर तो साक्षीदार म्हणून मोलाचा.

आणि हे अनुमान प्राचीन काळीही सर्वमान्य नव्हते. बृहदारण्यक उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात कोणत्या प्रकारचा पुत्र हवा असेल तर काय शिजवून खावे, याचा एक विधी आहे. गोरा आणि एक वेद शिकणारा मुलगा हवा असेल तर दूधभात, पिंगट आणि दोन वेद शिकणारा हवा असेल तर दहीभात, आणि सावळा, लालसर डोळ्यांचा, तीन वेद शिकणारा हवा असेल तर पाण्यात शिजवलेला भात, तिन्हींत तूप. वेदांची संख्या रंगाबरोबर वाढत जाते, ती गोऱ्याकडून सावळ्याकडे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६च्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात ऋग्वेदातले असेच दाखले जमवले, सावळ्या ऋषींची नावे काढली, राम आणि कृष्ण यांच्या वर्णाची आठवण दिली आणि वैदिक आर्यांना रंगाचा आकस नव्हता असा निष्कर्ष काढला. त्यांचा रोख आर्यवंशाच्या सिद्धान्तावर होता. आपल्या प्रश्नापुरते त्यातून एवढे हाती लागते की रंग आणि योग्यता यांची सांगड ही परंपरेतली एक बाजू आहे. सगळी परंपरा तिच्या मागे उभी नाही.

ती सांगड सुटताना बघायची असेल तर दीघनिकायातले सोणदंड सुत्त वाचावे. चंपानगरीत गग्गरा तळ्याकाठी सोणदंड नावाचा प्रतिष्ठित ब्राह्मण बुद्धांच्या भेटीला येतो. ब्राह्मण कशाने होतो, या प्रश्नावर तो पाच गोष्टी सांगतो: कुळ, मंत्र, रूपवर्ण, शील आणि प्रज्ञा. यातली एखादी वगळता येईल का, असे बुद्ध विचारतात. सोणदंड जी गोष्ट पहिल्या फटक्यात सोडतो, ती रूपवर्ण. वर्ण काय करणार, म्हणतो. मग मंत्र सोडतो, मग कुळही. बरोबर आलेले ब्राह्मण अस्वस्थ होतात: तुम्ही वर्णाला, मंत्रांना, जन्माला कमी लेखता आहात! तेव्हा सोणदंड तिथेच बसलेल्या आपल्या भाच्याकडे, अंगकाकडे, बोट दाखवतो. हा दिसायला इतका देखणा की या सभेत गौतम सोडले तर त्याच्या तोडीचा कुणी नाही; मंत्र जाणणारा, दोन्ही कुळांनी शुद्ध. आणि हाच जर हत्या करील, चोरी करील, व्यभिचार करील, खोटे बोलेल, दारू पिईल, तर वर्ण काय करील? या प्रसंगात अंगकाचे रूप लपवले जात नाही. सगळ्यांसमक्ष, मोठ्याने सांगितले जाते, कारण त्या रूपाचे वजन किती हेच दाखवायचे आहे. विनयाच्या सुटीत बसणारे, अर्थासाठी केलेले बोलणे ते हेच.

ही कसोटी मराठी व्यवहारावर घासून पाहणे सोपे आहे, कारण आपल्याकडे रंगाचे दोन मोठे गद्यप्रकार शेजारी शेजारी छापले जातात. एक बेपत्ता व्यक्तीचे निवेदन: वय ३२, उंची ५ फूट ४ इंच, रंग सावळा, बांधा मध्यम, नाक सरळ, अंगात निळा शर्ट, मराठी व हिंदी बोलतो. यातला ‘सावळा’ कुणाला खुपत नाही. तो निळ्या शर्टाच्या पंगतीत बसला आहे आणि त्याच्याइतकेच काम करतो. दुसरा प्रकार लग्नाच्या जाहिरातीचा: गोरी, सुंदर, सुशिक्षित, अनुरूप वधू पाहिजे. इथे अजून कुणी हरवलेले नाही, कुणाला शोधून ओळखायचे नाही, आणि तरी रंग पहिल्या क्रमांकावर. ‘गोरी’ हा गौरवाचा शब्द आहे, जाहिरातीत कुणाचा अपमान नाही, असे म्हणता येईल. पण विनयाची ती बारीक तरतूद आठवावी: थोर शब्द वापरूनही खाली पाडता येते. जाहिरात वाचणाऱ्या सावळ्या मुलीला आपले नाव न घेता सांगितलेले सगळे कळते. पोरगी बघून आल्यावर घरात होणाऱ्या चर्चेतले ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’ हे वाक्य याच वाणाचे. सावळेपणाची वजाबाकी करून नाकाडोळ्यांची बेरीज मांडायची, असा तो हिशेब.

इथे मराठी माणूस विठोबाला पुढे करतो. आमचा देव सावळा, आमच्या संतांनी त्याच्या सावळेपणाचे इतके कौतुक केले, मग आम्हाला रंगाचा आकस कसा असेल? अभंगांतला सावळेपणा कसोटीला पूर्ण उतरतो, हे खरे. विठोबा सावळा ‘असूनही’ सुंदर आहे असे कुणी संत म्हणत नाही. पण देवाच्या रंगावरचे प्रेम माणसापर्यंत आपोआप पोचत नाही, याचा दगडी पुरावा नाशकात आहे. पंचवटीतल्या रामाचे देऊळ मूर्तीच्या काळ्या पाषाणावरून ‘काळाराम’ म्हणून ओळखले जाते, आणि नाशकात गोरेरामही आहे. दोन राम वेगळे ओळखायचे तर रंगाने ओळखावेत, इतके साधे काम. पण २ मार्च १९३० रोजी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी याच काळारामाच्या दर्शनासाठी सत्याग्रह सुरू केला आणि १९३५पर्यंत लढूनही दार उघडले नाही. ती बंदी रंगाची नव्हती, जातीची होती, हे मान्य. पण पूज्य मूर्तीचा काळेपणा दाराबाहेरच्या कुणाच्या उपयोगी पडला नाही. तेव्हा विठोबाचा दाखला सुनेच्या बाबतीत देऊ नये.

आता खरे आक्षेप. पहिला असा की हेतू दिसत नाही. बोलणारा नेहमीच म्हणणार, मी प्रेमाने म्हणालो. मग ऐकणाऱ्याला लागले की नाही, एवढीच कसोटी का मानू नये? २०२० साली वेस्ट इंडिजचा माजी कर्णधार डॅरन सॅमी याने जाहीरपणे सांगितले की सनरायझर्स हैदराबादकडून खेळताना त्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला ‘कालू’ म्हणत. त्याला तेव्हा त्याचा अर्थ तगडा घोडा असा काहीतरी वाटत होता. खरा अर्थ कळल्यावर संताप आला. पुढे एका सहकाऱ्याशी बोलणे झाल्यावर ते नाव प्रेमापोटी होते हे त्याने मान्य केले. आपल्याकडच्या अनेकांना यात प्रकरण मिटल्याचे समाधान वाटले. मला वाटते, विनयाचा निकाल यापेक्षा न्याय्य आहे. हेतू स्वच्छ होता हे मान्य, म्हणून मोठा दोष नाही. पण थट्टेतले बोलणे म्हणून धाकटा दोष राहतोच. प्रेम दोष कमी करते, पुसत नाही. शिवाय हेतू अगदीच अदृश्य नसतो. ज्याला नाव दिले त्याला त्याचा अर्थ सांगितला होता का, हे बघितले की पुष्कळसे कळते. काळुदायीला आपल्या नावाचा अर्थ ठाऊक होता.

आणि ऐकणाऱ्याचे दुःख हीच एकमेव कसोटी का नको, तर ती दोन्हीकडून फसते. एक, पिढ्यान् पिढ्या ऐकून ज्याचे कान बधिर झाले आहेत त्याला लागत नाही, म्हणून ते बोलणे निर्दोष ठरेल. दोन, वर्णन ज्याचे केले तो समोर नसतोच पुष्कळदा. विनयाच्या तिसऱ्या पाचित्तियात याचाही विचार आहे: एकाने दुसऱ्याबद्दल काढलेले असले उद्गार तिसऱ्याने जाऊन त्याला सांगणे, म्हणजे चहाडी. त्यासाठी तीच दहा विषयांची यादी पुन्हा लावली आहे. ‘ती तुला काळी म्हणाली बरं का’ हे वाक्य बोलणाऱ्याने स्वतः कुणालाच काळे म्हटलेले नसते. घराघरांत रंगावरून होणारी निम्मी जखम याच वाटेने पोचते.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. समाजच उतरंडीचा असेल तर रंगाचा निर्मळ उल्लेख शक्यच नाही. तुम्ही ‘फक्त ओळखीसाठी’ म्हणालात तरी ऐकणाऱ्याच्या कानात सगळी उतरंड वाजते. यातला मोठा भाग मला पटतो, आणि गंमत अशी की तो विनयालाही पटलेला दिसतो. नाव, गोत्र, काम आणि कसब यांपैकी हलके कोणते, हे ठरवताना काही उदाहरणे देऊन नियम म्हणतो की त्या त्या जनपदात जे तुच्छ मानले जाते ते. म्हणजे हलकेपणा वस्तूत नाही, मुलखाच्या मानण्यात आहे. हाच न्याय रंगाला लावायला हवा. भिक्खूंच्या यादीत ‘फार गोरा’ ही निंदा होती, आपल्या जनपदात तिचे कौतुक झाले आहे, आणि १९७५पासून ते फेअर अँड लव्हलीच्या ट्यूबमधून विकले गेले. तेव्हा ‘गोरा’ आणि ‘काळा’ हे दोन शब्द व्याकरणात समान असले तरी आज समान वजनाचे नाहीत, आणि बोलणाऱ्यावर दोन्हींची जबाबदारी सारखी नाही. मार्च २०२५मध्ये केरळच्या तत्कालीन मुख्य सचिव शारदा मुरलीधरन यांनी एका शेऱ्याबद्दल लिहिले. त्यांच्या आधी त्या पदावर त्यांचे पती होते. पतीचा कारभार जितका गोरा तितका यांचा काळा, असा तो शेरा. विषय कारभाराचा होता. शेऱ्यात कातडी आली. अशा ठिकाणी हेतू तपासत बसायचीही गरज पडत नाही. रंगाला त्याचे नसलेले काम दिले गेले, एवढ्यावर निकाल लागतो.

न्यायालयांकडे वळले तर चित्र गोंधळाचे दिसते, पण ते वरवर. ऑगस्ट २०२३मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने, पत्नी पतीला काळा म्हणून हिणवते या कारणाने, ती क्रूरता ठरवून त्याला घटस्फोट दिला. जुलै २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सातारा जिल्ह्यातल्या एका जुन्या खटल्यात, पत्नीला काळी म्हणून टोमणे मारणे हा फौजदारी कायद्याला अभिप्रेत असलेल्या तीव्रतेचा छळ नाही, असे ठरवून पतीला निर्दोष सोडले. एकीकडे विवाह टिकावा का, हा प्रश्न होता, दुसरीकडे माणसाला तुरुंगात ठेवावे का, हा. कायद्याने तुरुंगाची पायरी उंच ठेवावी, हे मी समजू शकतो. पण ‘गुन्हा नाही’ याचा अर्थ आपल्याकडे ‘काही वावगे नाही’ असा लावला जातो. विनयाने दोषांच्या पायऱ्या केल्या आहेत त्या याचसाठी. वरच्या पायरीवर न बसणाऱ्या गोष्टीला खालची जागा मिळते, सुटका मिळत नाही.

तिसरा आक्षेप पांडित्याचा आहे आणि तो थोडक्यात निपटता येतो. बौद्ध ग्रंथच पापाला ‘काळे’ आणि पुण्याला ‘शुभ्र’ म्हणतात, मग त्यांच्याकडून रंगाचा विवेक काय शिकायचा? म्हणतात खरे. पण पूरण कस्सप या बुद्धांच्या समकालीन आचार्याच्या नावावर असलेली माणसांची सहा रंगांची वर्गवारी जेव्हा बुद्धांपुढे मांडली गेली, तेव्हा त्यांनी काळा आणि शुभ्र हे शब्द ठेवले आणि त्यांत आडवी एक वाट काढली: काळ्या जन्माचा शुभ्र आचरण करू शकतो, शुभ्र जन्माचा काळे. जन्माच्या परिस्थितीला चिकटलेला रंग त्यांनी कर्मावर नेला. भाषा पुरती धुऊन निघाली नाही, हे कबूल. तेवढी अपेक्षा मी कुणाही प्राचीन ग्रंथाकडून करत नाही.

राहिला तो सभ्य माणसांचा उपाय: बोलूच नये. रंगाचा उल्लेखच टाळावा, अगदीच वेळ आली तर ‘गव्हाळ’ म्हणावे. मला हा उपाय सर्वांत कमी पटतो. ज्या गोष्टीबद्दल गप्प राहायचे ती लाजेची असते, हे लहान मूलही ओळखते. म्हणजे हिणवणारा जे ओरडून सांगतो त्याला टाळणारा कुजबुजून दुजोरा देतो. २०२०मध्ये त्या प्रसिद्ध मलमाच्या नावातून ‘फेअर’ गेले आणि ‘ग्लो’ आले. ट्यूब घेणाऱ्याला काय घ्यायचे ते पूर्वीइतकेच ठाऊक होते. आणि गप्प राहण्याची किंमत नुसती मानसिक नसते. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारे ऑक्सिमीटर करोनाच्या काळात घरोघर पोचले. २०२०च्या डिसेंबरात ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात ऑक्सिमीटरने पकडली न गेलेली ऑक्सिजनची धोकादायक कमतरता गोऱ्या रुग्णांच्या मानाने काळ्या रुग्णांत सुमारे तिप्पट आढळली. गडद कातडीतून जाणारा प्रकाश यंत्राला चकवतो. इथे डॉक्टरने रंगाचा विचार न करणे, तो मोकळेपणाने नोंदवून न घेणे, हा सभ्यपणा म्हणता येणार नाही.

तेव्हा शेवटी घरातला एक प्रश्न उरतो, आणि वरची सगळी चर्चा तिथे सर्वांत जास्त कामाची आहे. शाळेतून आलेली पोर विचारते, ‘आई, मी काळी आहे का?’ घरोघरी मिळणारे उत्तर असते, ‘कोण म्हणालं? काळी कुठे, सावळी आहेस.’ हे उत्तर मायेचे आहे आणि मुलीचा प्रश्न त्यात चुकतो, कारण रंगाच्या उतरंडीवर तिला एक पायरी वर चढवून ती उतरंड मात्र तशीच ठेवली जाते. विनयाच्या हिशेबाने इथे शिकवण्यासाठी बोलणे लागू होते आणि त्यासाठी ‘काळी’ हा शब्द वापरायला पूर्ण मुभा आहे: हो, काळी आहेस, आजीसारखी. आणि मग दुसरा प्रश्न आईने विचारायचा, कोण म्हणाले, आणि कशाबद्दल बोलणे चालले होते तेव्हा.